टायरवर

"नाका तोडून पळालाय! आमच्या हवालदाराला उडवलंय," वायरलेसवरचा आवाज धापा टाकत होता. "करडी गाडी, जुनी. गरज पडली तर टायरवर मारा."

करडी गाडी समोरच होती. फार वेगात नव्हती, पण थांबायचं नाव घेत नव्हती. जीपचा सायरन कोकलत होता. मागच्या सीटवरच्या शिपायाने रायफलीची नळी खिडकीबाहेर काढली.

"मॅडम, तुम्ही फक्त सांगा. एवढ्या जवळून नेम चुकणार नाही."

फौजदारबाईंना नियम तोंडपाठ होता. कुणाच्या जिवावर बेतल्याशिवाय धावत्या गाडीवर गोळी नाही. पण हवालदार पडला होता, म्हणजे बेतलं होतंच की. आणि पुढे भाजीबाजार. तिथे हा घुसला, चार माणसं चिरडली, तर उद्या जो तो बाईंनाच विचारणार, बंदूक काय शोभेला नेली होती?

"मॅडम, बाजार आला!"

बाईंनी तोंड उघडलं. तेवढ्यात पुढच्या गाडीचा डावा दिवा लुकलुकू लागला. गाडी मंदावली, एका सायकलवाल्याला आधी जाऊ दिलं आणि शिस्तीत डावीकडे वळली.

"हा पळतोय?" ड्रायव्हर पुटपुटला. "आमचा मेहुणा दोन वर्षं शिकतोय, त्याला अजून असं वळता येत नाही."

"बंदूक आत घे," बाई म्हणाल्या.

"पण मॅडम, हवालदार..."

"आत घे म्हटलं ना! दादा, तुम्ही जरा अंतर ठेवा."

गाडी 'चष्मे व श्रवणयंत्रे' अशी पाटी असलेल्या दुकानापुढे थांबली. दोनदा मागेपुढे करून नीट कडेला लागली. आतून एक आजोबा उतरले. हातात रुमालात गुंडाळलेलं कानाचं यंत्र. जीप आणि वर्दी पाहून ते थबकले.

वायरलेस पुन्हा खरखरला. "हवालदार ठीक आहे. गाडी शिट्टीला थांबली नाही एवढंच, त्याला लागलीच नाही. बाजूला उडी मारताना गटारात पडला."

बाईंनी हातवारे करकरून आजोबांना सगळं समजावलं. नाका, सायरन, पाठलाग.

"इतका वेळ मागे होतात?" आजोबा म्हणाले. "मग हॉर्न तरी वाजवायचा!"

ड्रायव्हरने कपाळावर हात मारला.

आजोबांच्या खिशात फोन थरथरला. नाव बघून त्यांनी तो बाईंच्या हातात दिला. "मुलगी आहे. मला काही ऐकू यायचं नाही."

"पोलीस बोलतेय," बाई म्हणाल्या. "वडील सुखरूप आहेत."

"पोलीस?" पलीकडून मुलीने विचारलं. "अहो, यंत्र बिघडलंय त्यांचं. मुद्दाम नसेल केलं काही. ओरडला नाहीत ना त्यांच्यावर? फार धसका घेतात हो ते."

जीपला टेकून शिपाई रायफल रिकामी करत होता. एक काडतूस निसटलं आणि उतारावरून घरंगळत गेलं.

"नाही," बाई त्याच्याकडे बघत म्हणाल्या. "कुणी ओरडलं नाही."