राणीच्या पायातला तोडा

टेम्पोतून ओतलेल्या भांड्यांच्या ढिगात मंजुषाला स्वतःचा हंडा दिसला. काठावरचं नाव तसंच होतं. 'चि. सौ. कां. मंजुषा हिस, वडील कोंडाजी यांजकडून.' तिचं रुखवत, आणि आता भट्टीच्या वाटेवर!

चाकणच्या अलीकडे, तिच्या सासरच्या गावात, चौकात ताराराणींचा पुतळा उभा राहणार होता. सासरे दादासाहेब समितीचे अध्यक्ष. 'घरटी एक पितळी भांडं' ही हाक त्यांचीच. आणि स्वतः दिलं काय, तर सुनेचा हंडा. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र!

नवऱ्याचं तेरावं झालं आणि याच माणसाने तिला उंबऱ्याबाहेर काढलं. जमीन कंपनीला विकायची होती, वाटेकरीण नको होती. भांडी मागायला गेली तर म्हणाला, "ह्या घरात तुजं नाव ऱ्हायलं न्हाई." तेव्हापासून ती तळवड्याच्या या ओतशाळेत घासकाम करत होती. पितळ घासताना दातओठ खात होती.

"अय्याजभाई," ती मालकाला म्हणाली, "राणीसाहेबांच्या पायातला तोडा व्हायचाय ना? मी करते."

अय्याजने तिच्या हातातला हंडा पाहिला. नाव वाचलं.

"कर, ताई. पण पक्का बसव. कुणाला उपटता नाही आला पाहिजे."

तिने काठ कापला, वळवला, नाव समोर ठेवून वेल्डिंगने बसवला. अक्षरं बारीक होती. पायांवर डोकं ठेवणाऱ्यालाच वाचता आली असती.

अनावरणाच्या दिवशी दादासाहेब माइकवर गहिवरले. "नवरा गेला, पन माउली खचली न्हाई! पोरींनो, अशा व्हा!" टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत पुढे उभ्या असलेल्या मंजुषाने टाळी वाजवली नाही.

हार घालून ते वाकले. कपाळ राणीच्या पायाला टेकलं आणि तिथेच राहिलं. लोकांना वाटलं, केवढी ही भक्ती! उठले तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता.

वळले, तर समोर सून. सासऱ्यापुढे कधी न उचललेली मान तिने उचलली. उजवा हात आशीर्वादाला वर केला.

"सुखी ऱ्हावा, मामंजी. दर जयंतीला असंच पाया पडायला येत जावा."