धुराची खबर
आमच्या खाणकामगारांच्या गल्लीत सकाळी शेजारची धुराडी बघायची सवय. धूर दिसला, म्हणजे माणूस ठीक. एकदा ऐंशीच्या हिल्डाकाकूंचं धुराडं थंड होतं. खांद्याने दार तोडून आत शिरलो, तर काकू आरामात कॉफी पीत बसलेल्या. “अलोइझ, मेल्या, बेल नाही वाजवता येत?” “धूर दिसेना, काकू!” “भट्टी काढून टाकली. बर्फ पडेनासा झालाय, त्यात माझ्या कोळशाचाही वाटा आहेच की. आता विजेचा पंप बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढून घर तापवतो.” मी पंपाला कान लावला, मांजरासारखी गुरगुर. “पण तुम्ही जिवंत आहात, हे कळायचं कसं?” “कोळशाची बादली रोज सकाळी फाटकाला टांगेन, रात्री आत घेईन.” पुढचे दोन हिवाळे मी मुलीकडे काढले. परतलो, तर सगळी धुराडी थंड आणि फाटकाफाटकाला बादल्या. मी नेहमीसारखी भट्टी पेटवली. लगेच दार धडधडलं. काकू धापा टाकत उभ्या: “अलोइझ, धूर दिसला! काय पेटलं?”