खालच्या दोन पिना

“गन रिकामी आहे,” आई म्हणाली. “मीच केली. आता आरडाओरडा करू नकोस.”

मुलगी चहाचा कप धरून तशीच उभी राहिली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरची शेड दिसत होती. तिथे वडील छोट्या ट्रॅक्टरपुढे वाकले होते. ट्रॅक्टरला पुढे जोडलेल्या, माती उचलायच्या लोडरची बकेट तिने काल संध्याकाळीच जमिनीला टेकवून ठेवली होती. खिशातल्या फडक्याने ते पिनेवरचं ग्रीस भरायचं एक निपल पुसत, ग्रीस गनचं तोंड त्यावर घट्ट बसवत, दांडा दाबत आणि डोळे बारीक करून पिनेची कड बघत. कडेला ताजं ग्रीस दिसलं की पुढची पिन. रोपवाटिका सुरू झाली तेव्हापासून त्यांची सकाळ अशीच उजाडत आली होती. पुढच्या अॅक्सलला आठवड्याने ग्रीस दिलं तरी चालतं. माती आणि खत उपसणाऱ्या लोडरला मात्र रोज, कामाआधी. मुलगी हे अक्षरं गिरवायच्या आधी शिकली होती.

गेल्या वर्षापासून ते विसरू लागले. ग्रीस भरायचे, हात धुवायचे, आणि थोड्या वेळाने फडकं घेऊन पुन्हा शेडमध्ये हजर. असंच पुन्हा पुन्हा भरता भरता जास्तीच्या ग्रीसने एकदा अॅक्सलचं सील फुटलं. मुलगी तेव्हा फार बोलली होती. वडील हात मागे बांधून ऐकत राहिले होते, शाळेत उभं केल्यासारखे.

“मग लोडर कोरडा कसा पडला नाही?” तिने विचारलं.

“मी भरते, ते उठायच्या आधी. दुसरी गन खताच्या पोत्यांमागे आहे.” आईने ओट्यावरून फडकं फिरवलं. “ते येतात, रिकामी गन दाबतात. कडेला ताजं ग्रीस दिसतं, जिवाला बरं वाटतं. दिवसभर करत बसले तरी काही फुटत नाही.”

“आई, ही फसवणूक आहे.”

“असू दे. त्यांच्या हातून ट्रॅक्टरची किल्ली काढली, रोपविक्रीचं दुकान काढून घेतलं. आता हेही काढू? मग त्यांनी दिवसभर काय माझं तोंड बघत बसायचं?”

“बसले तर बसू देत की.”

“तरुणपणी बसले नाहीत, आता कुठले बसतात!”

मुलीला हसू आलं, पण टिकलं नाही. तिला खोटं सोसत नसे, मायेपोटी बोललेलंही. ज्या माणसाने तिला यंत्राशी खरं वागायला शिकवलं, त्याच्याशी रोज सकाळी नाटक करायचं? आज त्यांना सांगून टाकायचं, तिने ठरवलं. वाईट वाटेल, पण निदान खरं असेल.

दाराशी ती थबकली. “बकेटच्या मागच्या, खालच्या दोन पिना कशा भरतेस? तुझे गुडघे तर वाकत नाहीत.”

“त्या राहतात. पण करकरल्या का कधी? फार फिरत नसतील.” मग आई स्वतःशीच पुटपुटली, “ग्रीस मात्र मेलं हल्ली लवकर संपतं.”

मुलीने चहाचा कप दाराशेजारी टेकवला. बकेट भरताना आणि ओतताना सगळ्यात जास्त फिरतात त्या याच दोन पिना. ग्रीस नसतं तर थोड्याच दिवसांत त्यांनी अंगण डोक्यावर घेतलं असतं. ट्रॅक्टर ती स्वतः चालवत होती. कुरकुर एकदाही ऐकू आली नव्हती.

ती शेडमध्ये गेली.

“आलीस? काल किती तास चालला गं?” वडिलांनी विचारलं.

“चार तास, बाबा.”

“धूळ होती?”

“खूप.”

“मग रोज. धुळीत रोजच्या रोज.” त्यांनी पुढचं निपल पुसलं, गन लावली, दांडा दाबला. मग मान वर केली. “काल किती तास चालला?”

“चार, बाबा.”

ती बकेटच्या मागे गेली आणि जमिनीला गुडघे टेकून आत डोकावली. दोन्ही पिनांच्या कडेला ताजं ग्रीस चमकत होतं. निपलं स्वच्छ पुसलेली होती. ती सावकाश उठली.

“बाबा, तुम्हाला एक सांगायचंय. तुमच्या हातातली ही गन…”

“रिकामी आहे,” ते हळूच म्हणाले. “दांडा दाबला की हाताला कळतं. डोक्यातून जातंय सगळं. हातातून नाही गेलं अजून.”

त्यांनी पोत्यांकडे मान वळवली.

“तुझी आई खाली वाकू शकत नाही. या दोन कोरड्या दिसल्या, की ती आंघोळीला गेल्यावर तिकडची गन काढतो. भरतो. होती तशी ठेवून देतो. तिला बोलू नकोस.”

“बाबा… मग ही रिकामी कशाला दाबत बसता?”

वडील कमरेवर हात ठेवून सरळ झाले. फडक्याने त्यांनी पुढचं निपल पुसलं, गनचं तोंड घट्ट बसवलं आणि पूर्ण जोर लावल्यासारखा दांडा दाबला.

“ती खिडकीतून बघत असते ना.”