बेटाचं आडनाव

पहिली ऑर्डर आली आणि तिला घाम फुटला.

तीन महिने वेबसाइट नुसती पडून होती. बाळांसाठी हातानं शिवलेली दुपटी. कापड ती बेतायची, टाके सासूबाई घालायच्या. वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी तिनं 'डॉट कॉम'ऐवजी दूरच्या समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटदेशाची दोन अक्षरं घेतली होती. का, तर गोड दिसतात आणि हल्ली सगळेच घेतात. "माहेरचं नाही, सासरचं नाही, हे तिसरंच आडनाव लावलंस," नवऱ्यानं चिडवलंही होतं.

आणि ऑर्डर नेमकी त्याच बेटावरून. सोबत निरोप : "मी इथल्या दवाखान्यातली सुईण. आपल्या बेटावर दुपटी शिवणारं कुणी आहे, हे माहीतच नव्हतं! दुकान कुठल्या गल्लीत? स्वतः येऊन नेईन."

तिनं मांडीवरच्या लेकीला उगाचच घट्ट धरलं.

"आई, आता काय सांगू हिला?"

"खरं ते सांग. तान्ह्या बाळाच्या अंगावर जायची वस्तू, तिची सुरुवात खोट्यानं नको."

"पण पहिलीच ऑर्डर आहे. जाईल हातची."

"जाऊ दे." सासूबाईंनी दातानं दोरा तोडला.

तिनं लिहिलं : "मी तुमच्या बेटावरची नाही. अक्षरं आवडली म्हणून घेतली. माफ करा." डोळे मिटून पाठवून टाकलं. मग दुपारभर दर पाच मिनिटांनी फोन पाहिला. त्यात दूध उतू गेलं.

चार वाजता उत्तर आलं.

"अहो, ते मला ठाऊकच होतं. आम्ही इनमिन नऊशे माणसं. कुणाची सुई हरवली तरी गावभर होते! आमचं नाव लावणारे जगभर झालेत, म्हणून मी सगळ्यांना हेच विचारते. बहुतेक जण कळवतात, 'दुकान आज बंद आहे.' खरं सांगणाऱ्या तुम्हीच पहिल्या. आमच्याकडे बाळाला पहिलं दुपटं घरच्यांनीच द्यायचं असतं. तुम्ही आता घरच्याच. यंदा अकरा बाळं आहेत. अकरा पाठवा."

तिनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. 'तुम्ही आता घरच्याच' हे तर दोनदा वाचलं. मांडीवरची लेक खुदखुदत होती.

सासूबाईंनी चष्मा पुसला, सुईत नवा दोरा ओवला.

"कापड सगळ्यांना एकाच रंगाचं बेत गं. भावंडं भांडतात."