हाकेला ओ

लाल फडकं वर उठलं तेव्हा गुनवोर कॉफीत चीजचा तुकडा बुडवत होती. तिनं ते पाहिलं आणि तुकडा बुडवतच राहिली.

गोठलेल्या तळ्यावर, ओढा येऊन मिळतो त्या तोंडाशी, तिच्या काठ्या रोवल्या होत्या. प्रत्येक काठीखाली बर्फात एक भोक, भोकात दोरी, दोरीच्या टोकाला बोटभर मासा. वर वाकवून अडकवलेल्या पट्टीला लाल फडकं. खाली पाईक माशानं आमिष ओढलं की पट्टी सुटते आणि फडकं ताठ उभं राहतं. वसंत लागताना मोठे पाईक अंडी घालायला याच तोंडाशी गोळा होतात. म्हणून तळ्यावरची ही सगळ्यात चांगली जागा. ती एव्हर्टची होती.

एव्हर्ट तिचा नवरा. बर्फ धरण्याआधी होडी किनाऱ्यावर ओढता ओढता दम लागला म्हणून खाली बसला, तो उठलाच नाही.

तेव्हापासून गुनवोर रडली नव्हती. दफनाच्या दिवशी तिनं सगळ्यांना कॉफी दिली, कपबशा विसळल्या, पुसून जागच्या जागी ठेवल्या. दात काढायला सुई दिली की गाल बधिर होतो, स्वतःचाच चावला तरी कळत नाही. तिचं सगळंच तसं झालं होतं. गाव वाईट नव्हतं. दाराशी न सांगता सरपण येऊन पडायचं, पायरीवरचा बर्फ कुणीतरी उपसून गेलेलं असायचं. फक्त एव्हर्टचं नाव कुणी घेत नव्हतं. ती दुकानात शिरली की चाललेलं बोलणं तुटायचं आणि हवापाण्यावर यायचं. तिला लागू नये म्हणून सगळे इतके जपत होते, की जपता जपता त्यांनी माणूसच पुसून टाकला होता. तिचंही त्यावर काही म्हणणं नव्हतं.

धाकटा दीर रूने मध्यंतरी घरी येऊन, टोपी हातात फिरवत बोलला होता, “वहिनी, तू तर आता लेकीकडे शहरात जाणार. ओढ्याची जागा मी चालवतो.” त्यात वावगं काहीच नव्हतं. तिनं मान हलवली. हिवाळाभर ओस पडलेल्या जागेवर आज एकदा शेवटच्या काठ्या लावायच्या, संध्याकाळी त्या काढायच्या, आणि त्याच भोकांत रूने आपल्या लावणार, असं ठरलं. होडीघराच्या भिंतीवर एव्हर्टनं खिळ्यांनी ठोकलेली पाईकची मुंडकी जबडे वासून वाळत होती. तीही रूनेच उतरवून नेणार होता. सकाळी तिनं काठ्या लावल्या, भांडी घासावीत तशा.

आणि आता फडकं उठलं होतं.

गावाची रीत जुनी आहे. फडकं ज्याला आधी दिसेल त्यानं काठीच्या मालकाचं नाव घेऊन हाक मारायची. मालकानं ओ द्यायची आणि मगच कुणीही दोरीला हात लावायचा. ज्यानं ओ दिली त्याची काठी, त्याची जागा. तीन हाकांना ओ आली नाही, तर पुढे होईल त्याची. एव्हर्टची ओ इतकी खणखणीत, की समोरच्या डोंगरावर आपटून परत यायची आणि लोक हसायचे.

गुनवोरच्या पाठीमागे, तिच्या भोकांना लागूनच म्हाताऱ्या हेनिंगची भोकं. एव्हर्ट आणि तो जन्मभर शेजारीशेजारी पाठ करून बसले, फारसे बोलले नाहीत, आणि त्यालाच ते दोस्ती म्हणत. हेनिंग पेटीवरून उठला. त्यानं दोन्ही तळवे तोंडाशी धरले आणि जन्मभर मारली तशी हाक मारली.

“एव्हर्ट! तुझं फडकं!”

तळ्यावरची माणसं होती तिथं थिजली. हेनिंगचे हात तोंडाशीच राहिले. मग त्याचं त्यालाच कळलं आणि तो एकदम खूप म्हातारा दिसायला लागला.

“काय हे, हेनिंगकाका,” जवळच आपल्या काठ्या घेऊन थांबलेला रूने हळूच म्हणाला. मग गुनवोरकडे न बघता, तू बस, मी बघतो, असं काहीसं पुटपुटत तो काठीकडे निघाला.

काठीवरचं, दोरी गुंडाळलेलं चाक फिरायचं थांबलं होतं. पाईक आमिष आडवं पकडतो, जरा पळतो आणि थांबून ते तोंडात फिरवून घेतो. मग डोक्याकडून गिळतो. तोवर घाई करायची नाही. त्याला सुखानं जेवू द्यावं, असं एव्हर्ट म्हणायचा.

गुनवोरच्या हातातला लाकडी पेला कलंडला. कॉफी मनगटावर सांडली. भाजलं. भाजल्याचं तिला कळलं, आणि त्याचंच तिला नवल वाटलं. ती उठून उभी राहिली.

“रूने, थांब,” ती म्हणाली. तो थांबला.

हेनिंग टोपी काढून तिच्यापुढे आला होता. “चुकलं गं माझं. सवयीनं गेलं तोंडातून. आता तुझ्या नावानं मारतो.”

चाक पुन्हा फिरायला लागलं, आधी सावकाश, मग भराभर. गुनवोरच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि वाऱ्यानं तिथंच गार पडत होतं. तिनं ते पुसलं नाही.

“नको,” ती म्हणाली. “अजून दोन हाका आहेत. त्याच्याच नावानं मार. ओ मी देते.”