बॅटऱ्यांचं पोट

"पाय पूस आधी. आणि टाचा घासत चालायची सवय काही सुटत नाही तुझी!" विनिफ्रेडनं आतूनच फर्मावलं, तेव्हा ॲलिस्टर अजून बोटीच्या दाराबाहेरच होता.

बोटींना वीज पुरवणारा धक्क्यावरचा खांब आठवडाभर बंद होता. कालव्यातल्या बाकीच्या बोटींवर राहणारे नुसते कुरकुरत होते. ॲलिस्टर मुद्दाम हाच मोका साधून आला होता. बोटीवर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या आईला उतरवून फ्लॅटमध्ये न्यायचंच, असं ठरवून.

"संध्याकाळी बॅटरी उतरलेली दिसली, तर बॅग भरायची. कबूल?"

"कबूल. आणि नाही उतरली, तर पुन्हा फ्लॅटचं नाव काढायचं नाही. केक खा."

तिनं इंजिन चालू केलं, मगच विजेची किटली लावली. "इंजिन बंद असताना ही बया बॅटरीचं रक्त पिते." मग इंजिनाच्या झाकणावर हात ठेवून म्हणाली, "ऐक. जड चाललंय. म्हणजे बॅटऱ्या जेवतायत. हलकं झालं की पोट भरलं."

"त्यासाठी मीटर असतो, आई."

"तुझ्यासारख्यांना लागतो तो."

त्यानं मोबाइलवर लेकीचा फोटो दाखवला. "अगदी तुझ्यावर गेलीय," ती कौतुकानं म्हणाली. ॲलिस्टरला हसू आलं. पोरीचे लाल केस आणि अपरं नाक थेट तिच्या आईचं होतं.

इंजिन बंद झाल्यावर त्यानं गुपचूप पंखा लावला, लॅपटॉप चार्जिंगला लावला. जाता जाता तिनं दोन्ही बंद केले. "माझे कान शाबूत आहेत, बरं का! उजेड तेवढा लबाड. चुकून राहिला, तर आवाजसुद्धा करत नाही."

संध्याकाळी त्यानं मीटर पाहिला. काटा जेमतेम हलला होता.

"हरलो बुवा! राहा तुझ्या बोटीवर. शपथ, पुन्हा विषय काढणार नाही." त्याला मनापासून अभिमान वाटला. अख्ख्या धक्क्यावर आईसारखं कोणी नव्हतं.

बाहेर अंधारून आलं. विनिफ्रेड कप पुसून एकेक खुंटीला अडकवत होती, गुणगुणत.

"जिंकलीस ना? मग आता तरी दिवा लाव. पुरे झाला चिक्कूपणा!"

"निघ तू. उशीर होईल."

हसतच त्यानं बटण दाबलं. काही झालं नाही. दुसरं दाबलं, तिसरं दाबलं. त्या काळोखातही आईचा एकही कप खुंटी चुकला नाही.

त्यानं मोबाइलचा उजेड वर धरला. बोटीतल्या एकाही दिव्यात बल्ब नव्हता.