मोडक्या बोटाची नजाकत

हिल्डा टीचरांनी रेनीला पुन्हा थांबवलं. "अनामिकेचं बोट रेंगाळतंय, बाय. सूर एकसारखे पडू देत."

"मी कुठे वाजवतेय, टीचर? हातमोजे वाजवतात."

आता वसईत सराव कुणीच करत नसे. हातमोजे चढवले की बोटं आपोआप पियानोवर धावत. त्या मोज्यांत हिल्डा टीचरांचाच हात उतरवलेला होता, लहानपणी मोडलेल्या अनामिकेसकट. सगळं गाव तसंच अडखळत वाजवी आणि त्यालाच नजाकत म्हणे.

"सरक," टीचर म्हणाल्या. ऑपरेशननंतर तीन वर्षं रोज घोटून त्यांनी ते बोट वळणावर आणलं होतं. मोज्यांशिवाय त्यांनी तीच धून वाजवली; आज एकही सूर मागे राहिला नाही.

रेनीने त्यांचा हात हळूच हातात घेतला. "वाईट वाटून घेऊ नका, टीचर. वय झालं की हात बिघडतोच."